भिंतीवरचं बटण

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नगराध्यक्षा यव्होन मुलरबाई, ॲडलेडहून तीन तास गाडी हाकत आलेले मुख्य कार्यालयाचे पाहुणे, सत्कारमूर्ती ग्लेनिस ट्रेव्होरोबाई, मागच्या टेबलावर खिमा भरलेल्या गरम पेस्ट्यांची ताटं मांडून माझं भाषण कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या समस्त भगिनी, आणि पोर्ट हॅलोरनच्या माझ्या गाववाल्यांनो, आपणा सर्वांना रॉस बेनेटचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. यव्होनबाईंनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, म्हणजे माझ्यावर विश्वास किती ते बघा.

ग्लेनिस आणि मी नगर परिषदेत एकाच वर्षी लागलो. ती दफनभूमीच्या नोंदवहीवर, मी इमारतीच्या देखभालीवर. एकतीस वर्षं. या गावात कोण कुठे झोपलंय ते तिला वहीत न बघता सांगता यायचं. कुणी दूरच्या शहरातून पणजोबांची कबर शोधत आलं, की ती काउंटरवरून उठायची, हॅट घालायची आणि स्वतः चालत जाऊन दाखवायची. मी म्हणायचो, "अगं, नकाशा दे की हातात!" तर म्हणायची, "माणूस माणसाला भेटायला आलाय रॉस, त्याला कागद काय देतोस?" असं काम करणारं माणूस आता कुठे मिळणार? मिळणारच नाही, कारण तिची जागाच रद्द झाली आहे. उद्यापासून ते काम ॲडलेडहून होईल. पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये, मी फक्त वस्तुस्थिती सांगतोय.

आता तिच्या डोळ्यांचं सगळ्या गावाला ठाऊक आहेच. तीन वर्षांपूर्वी नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला. डॉक्टर म्हणाले, अक्षर मोठं करा, काळ्यावर पिवळं करा, निभेल अजून बरीच वर्षं. तिने संगणकावर तसं करून घेतलं. अक्षरं ही एवढी, मागचा पडदा काळा, बाण अंगठ्याएवढा. मला बोलावून म्हणाली, "बघ, आता तुझ्या टकलावरचे केससुद्धा मोजीन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू केलं, तर सगळं पूर्ववत. पांढराशुभ्र पडदा आणि मुंगीएवढी अक्षरं.

तिने पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलं. आणि गंमत बघा, अक्षर मोठं करायची जी जागा असते ना, तिथपर्यंत पोचायचं तर ती बारीकच अक्षरं वाचावी लागतात. वडिलांचं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग घेऊन ही बाई रोज सकाळी पडद्याला नाक लावून बसायची. अर्धा अर्धा तास. पुढे पुढे पाऊण तास.

मदतीच्या फोनवर किती वेळा बोललो असू! तिकडून एक पोरगा सांगायचा, "बंद करून चालू करा." ती बंद करून चालू करायची. अक्षरं मोठीच राहायची! तो म्हणायचा, "बघा, चालतंय की बाई." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मुंग्या. त्यांनी तिचं खातं पुसून नवं केलं. यंत्र बदललं, नवं कोरं आणलं. तेच. शेवटी तो पोरगा जरा चिडूनच म्हणाला, "बाई, संध्याकाळी तुमचाच हात कुठेतरी लागत असेल." आणि मी शेजारी उभा होतो, मी काय म्हणालो? म्हणालो, "ग्लेनिस, तू सेव्ह करायला विसरतेस, दुसरं काही नाही." त्यानंतर तिने मला त्याबद्दल विचारणंच सोडलं.

मग कॉलिनचं प्रकरण झालं. कॉलिन नॅन्किव्हेल दुसऱ्या रांगेत बसलाय. कॉलिन, मी बोललो तर चालेल ना? आभारी आहे. त्याची बायको जोन गेली तेव्हा त्या सकाळी ग्लेनिसला अक्षरं लावायला वेळच मिळाला नाही, कारण माणसं दारात उभी. तिने बारीक अक्षरात अडतीसचं तेहेतीस वाचलं. खड्डा भलत्याच ओळीत खणला गेला. फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, त्रेचाळीस अंश, शवपेटी खांद्यावर, आणि दोन तास आपण सगळे तिथे उभे. कॉलिनने तक्रार केली नाही, हा त्याचा मोठेपणा. अहवाल मात्र लिहावा लागला. तो मी लिहिला. त्यात 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असे शब्द आहेत. ते माझे आहेत. त्या अहवालावरूनच तिला निवृत्तीच्या कागदावर सही करायला सांगितलं.

यव्होनबाई, झालीत का दहा मिनिटं? मग आणखी थोडी द्या.

बारा वर्षांपूर्वी आपल्या टेनिस क्लबचं स्वयंपाकघर जळालं, आठवतंय? चहाचा बंब रात्रभर चालू राहिला होता. तेव्हा परिषदेत ठराव झाला: शेवटी निघेल त्याने भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद करून जायचं. ठराव माझाच. शेवटी निघणारा मीच. बारा वर्षांत एकही बटण राहिलं नाही, छाती फुगवून सांगायचो मी.

आता ग्लेनिस गाडी चालवू शकत नाही, म्हणून पाचच्या ठोक्याला तिची भाची दारात असते. आणि पाच वाजता तिचं यंत्र दिवसभराच्या नोंदी ॲडलेडला पाठवायला लागतं. त्याला अर्धा तास लागतो. म्हणून ते चालू ठेवून जा, असं तिला वरूनच सांगितलेलं. बाकीचे आपापली यंत्रं नीट बंद करून जातात. साडेपाचला मी फेरी मारतो. नोंदी गेलेल्या असतात, यंत्र मात्र चालूच असतं. मी भिंतीवरचं बटण खट्कन बंद करतो.

माणूस काम संपवून संगणकातून नीट बाहेर पडला, तरच त्याची अक्षरं, त्याचे रंग मुख्य संगणकाकडे जपून ठेवले जातात. असं मधेच वीज तोडली की सकाळी जुनंच परत येतं. रोज सकाळी तिने लावायचं आणि रोज संध्याकाळी मी पुसायचं. अडीच वर्षं हेच चाललं होतं.

मला कसं कळलं? जूनमध्ये मी चार दिवस मुलीकडे गेलो होतो. परत आलो तर ही हसत म्हणाली, "तू नसलास की यंत्र कसं शहाण्यासारखं वागतं बघ! चारही दिवस अक्षरं जागेवर!" सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन मात्र बोटांवर मोजलं: त्या चारही संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करणारा इथे नव्हता. तोवर तिची सही होऊन गेली होती. आणि अजून सांगतो, आज सांगायचंच ठरवलंय. त्या संध्याकाळी मी ते बटण पुन्हा बंद केलं. पुढचे दोन महिने रोज केलं. चालू ठेवलं असतं तर तिला कळलं असतं ना, की कोण होतं ते! भ्यालो. दुसरा शब्द नाही.

काल संध्याकाळी ती गेल्यावर मीच तिची अक्षरं लावून ठेवली आणि बटणापासून प्रथमच हात आवरला. आज सकाळी यंत्र चालूच होतं. काळा पडदा, पिवळी अक्षरं, ही एवढी. मी धावत जाऊन हिला आणलं, खुर्चीत बसवलं. म्हटलं, बघ! हिने मान तिरकी केली, पुढे वाकली, पार नाक टेकलं. आणि मला विचारलं, "चालू केलंयस का रे?"

गेल्या पंधरवड्यात उरलीसुरली नजरही गेलीय, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

ग्लेनिस, तू आत्ता माझ्याकडे बघतेयस, पण माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे. माफ कर असं मी म्हणणार नाही. म्हणून काय होणार आहे? तुला द्यायला ही शुभेच्छांची वही केलीय, सगळ्या गावाने आपापल्या बारीक अक्षरात लिहिलंय. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, बघ. माझ्याही नाही. मी रोज येऊन एकेक पान वाचून दाखवीन, तू दार उघडलंस तर. नाही उघडलंस तरी बरोबरच आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, कॉलिन उठून गेला नाही, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानापमान झाला असेल, तर तेवढं पोटात घाला. फक्त तेवढंच घाला.

पेस्ट्या गार होतायत, खाऊन घ्या. आणि जाताना हॉलची बटणं आज दुसऱ्या कुणीतरी बंद करा.