खटक्याने न विचारलेला प्रश्न

ताई : …आणि तेव्हापासून हे असं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि तळाशी पासवर्ड मागतंय. बंद-चालू करून हात दुखले माझे.

खटक्या : सरक. खुर्ची दे.

ताई : पाणी तरी पी. धापा टाकतोयस.

खटक्या : नको. हं… इमर्जन्सी मोडमध्ये गेलंय. काही विशेष नाही. एका फाइलमधली एक ओळ सुधारली की झालं.

ताई : संध्याकाळी रंगीत तालीम आहे माझी. नाटकातले सगळे आवाज यात आहेत. दार, पाऊस, गर्दी, काच फुटते ती. दिग्दर्शक माझं डोकं फोडेल आणि तोच आवाज नाटकात वापरेल.

खटक्या : गप जरा. मुख्य पासवर्ड तोच ना?

ताई : तोच. तूच ठेवलेला. काय उघडलंस?

खटक्या : एफएसटॅब. चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते यात लिहिलेलं असतं.

ताई : ठाऊक आहे. आवाजांच्या डिस्कची ओळ आपण दोघांनी बसून लिहिली होती. केबल सैल होती, डिस्क लागलीच नव्हती, आणि मी दिवसभराचं रेकॉर्डिंग भलतीकडेच टाकत बसले. तेव्हा तू म्हणालास, असं करून ठेवतो की ही डिस्क नसेल तर मशीन पुढे जाणारच नाही. अडून बसेल.

खटक्या : तेच अडलंय. डिस्क सापडत नाही त्याला. ओळ बंद करतो, मशीन लगेच चालू होईल. डिस्कचं मग बघू.

ताई : मग बघू?

खटक्या : जुनी होती. गेली असेल.

ताई : आणि दुसरी प्रत? ती डिस्क तू नेलीस, बिघडली म्हणून.

खटक्या : ती खरंच बिघडली होती.

ताई : ‘ती खरंच’ म्हणजे?

खटक्या : म्हणजे काही नाही.

ताई : खटक्या, तू विचारलं नाहीस.

खटक्या : काय विचारलं नाही?

ताई : तुझा पहिला प्रश्न. ‘शेवटचं काय बदललंस?’ माझं काहीही बिघडलं की आधी हेच, हॅलोच्याही आधी. मामाचा प्रिंटर असो, शेजारच्या काकूंचा टीव्ही असो. ‘मी काही केलं नाही’ म्हटलं की म्हणायचास, ‘मग काय भुताने केलं?’ काकूंना तर रडवलं होतंस. आज आलास, बसलास, आणि थेट त्या ओळीवर.

खटक्या : घाईत आहे गं.

ताई : डिस्क गेली असेल म्हणतोस आणि झाकण उघडून बघत नाहीस. केबल हलवून बघत नाहीस. खिशात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही आज. त्याच्याशिवाय तू कुणाच्या लग्नाला जात नाहीस! थांब, मीच उघडते झाकण.

खटक्या : नको.

ताई : का नको?

खटक्या : रिकामं आहे.

ताई : …कुणाला दिलीस?

खटक्या : दिली नाही. नेलीये. कॉपी झाली की परत आणून लावणार होतो. तुला कळलंही नसतं.

ताई : कुणाला दिलीस?

खटक्या : सरांना.

ताई : ज्यांनी मला ‘बाई, तुमचे आवाज कानाला झोंबतात’ म्हणून सगळ्यांदेखत स्टुडिओतून हाकललं, त्या सरांना?

खटक्या : त्यांचं मत बदललंय.

ताई : मत कसलं बदलतंय त्या माणसाचं! अडलंय त्याचं. आणि तुला काय मिळालं?

खटक्या : नोकरी. कायमची. म्हणाले, येताना बहिणीचा संग्रह घेऊन या.

ताई : आणि तू शेपूट हलवत घेऊन गेलास.

खटक्या : तोंड सांभाळ. माइक कुणी धरला सगळीकडे? पाण्याच्या टाकीत उतरलो मी. भर उन्हात पत्र्यावर खडे टाकत बसलो मी. तू सावलीत, हेडफोन लावून, ‘पुन्हा टाक, पुन्हा टाक’. पोस्टरवर नाव कुणाचं? माझं आलं कधी एकदा तरी?

ताई : मागितलंस कधी?

खटक्या : सख्ख्या बहिणीकडे मागायचं असतं?

ताई : मग सख्ख्या बहिणीचं चोरायचं असतं?

खटक्या : चोरी नाही ही. नक्कल फक्त.

ताई : आणि एवढा हुशार तू, मशीन बंद कसं पडलं?

खटक्या : ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह लावलं की मशीन ती ओळ वाचत नाही. निमूट चालू झालं असतं, नुसतं फोल्डर रिकामं दिसलं असतं. तू यायची वेळ झालेली. घाईत हॅश वरच्या ओळीला लागला, डिस्कची ओळ तशीच राहिली. चालू करून बघितलंच नाही मी.

ताई : म्हणजे तुझं नीट जमलं असतं, तर मी रिकाम्या फोल्डरपुढे बसून केबल हलवत राहिले असते. तुला फोन केला असता. आणि तू, तू मला विचारलं असतंस, ‘शेवटचं काय बदललंस?’

खटक्या : ताई…

ताई : विचारलं असतंस की नाही?

खटक्या : विचारलं असतं.

ताई : खोलीला कुलूप होतं. किल्ली एक माझ्याकडे असते आणि एक—

आई : (दारात येऊन) झालं का रे चालू? सांगितलंस का तिला?

ताई : तू दिलीस किल्ली.

आई : अगं, नोकरीचं होतं त्याचं. किती वर्षं वणवण करतोय. म्हणाला, नक्कल काढायचीय फक्त, तिचं काही कमी होत नाही. दारांचे आणि पावसाचे तर आवाज. दारं काय, कुणाच्याही घरची वाजतात.

ताई : मला विचारायचंस.

आई : तू नाही म्हणाली असतीस.

ताई : म्हणून विचारलं नाहीस. दोघांनीही. सांग तिला खटक्या, त्यात दारांशिवाय काय आहे.

खटक्या : नको ना.

ताई : ‘म्हातारा माणूस, जिना, सावकाश.’ अशा नावाची फाइल आहे, आई. जिना आपला आहे.

आई : आणि माणूस?

ताई : बाबा. शेवटच्या वर्षातले. मधल्या वळणावर दम खातात, किल्ल्या चाचपतात, मग तुला हाक मारतात. नाटकांत मी पावलंच वापरली. हाकेला कधी हात लावला नाही.

आई : यांची हाक आहे त्यात?

ताई : होती आपल्याकडे. आता सरांकडे आहे. उद्या साबणाच्या जाहिरातीत कुणीतरी म्हातारा बाबांच्या पायांनी जिना चढेल.

आई : तुला माहीत होतं रे?

ताई : त्याला नसेल तर कुणाला? जिन्याखाली माइक धरून हाच बसला होता.

आई : मला म्हणालास, दारं आणि पाऊस.

खटक्या : आई, तू किल्ली दिली नसतीस मग.

आई : नसतीच दिली. आणि तू गं? इतकी वर्षं मला ऐकवलं नाहीस.

ताई : वाटलं, तुला सोसायचं नाही.

आई : म्हणजे मलाही कुणी विचारलं नाही.

खटक्या : मी आणतो. आत्ता जातो. ही ओळ तेवढी बंद करतो, मशीन तरी चालू होईल. तालमीपुरते आवाज कुठूनतरी—

ताई : हात काढ. त्या ओळीला हात लावायचा नाही. वरचा हॅश पूस, होतं तसं कर आणि ऊठ.

खटक्या : मग चालू नाही होणार. डिस्कसाठी अडून बसेल.

ताई : बसू दे. या घरात माझ्यासाठी अडून बसणारं ते एकच निघालं.

खटक्या : तालीम?

ताई : आज आवाज नाहीत, हे दिग्दर्शकाला माझं मी सांगेन. जा.

खटक्या : कॉपी झाली असेल गं आत्तापर्यंत.

ताई : माहीत आहे. तरीही तू डिस्क आण.

आई : आणि मला ती खुर्ची दे. मी बसते इथे. डिस्क आल्यावर नुसती यांची हाक नको लावूस गं. आधी पावलं येऊ देत.