चार तास चाललेली मशीन

चहा घ्या की आधी, सिद्धराम अण्णा — तो फिल्टर काय बघत बसलाव? पांढराशुभ्र हाय, व्हय, हाय ना. स्वच्छता ठेवतो आमी. तुमी कंपनीवाले वर्षातनं एकदा येणार कलबुर्गीहून, आन् फिल्टर स्वच्छ हाय म्हणून तोंड वाकडं करणार — हसताव कामून? बरं. तुमच्यापासनं काय लपवायचं?

चालवतच न्हाई आमी ही धूर ओढायची मशीन. झालं समाधान? मोठे डॉक्टर म्हणतेत, घरघर बंद करा, डोकं उठलंय, नळी हाताखाली येती. बिदरात त्यांच्यासारखा हात न्हाई, खोटं कामून बोलू? पर करंटच्या चिमट्यानं रक्त थांबवायचं, आन् मांस जळून धूर निघतो तो कुणाच्या नाकात? टेबलाला चिकटून उभी मी. घरी जाऊन दोनदा केस धुतले तरी वास जात न्हाई. आमचे हे आधी विचारायचे तरी — आता पलंगच वेगळा केलाय. हे कामून सांगायलेय मी तुमाला? चहा गार व्हायलाय.

आठ महिने झाले खोकल्याला. छातीच्या डॉक्टरला दाखवलं तर विचारतो, बिडी ओढताव का? अवो, मेहकरची मी, शेतकऱ्याची लेक — बिडी! सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरात हाय म्हणलं. म्हणला, धुरात काम करताव असं दवाखान्याचं पत्र आणा, वॉर्डात बदली मागता येईल. गेले मॅनेजरकडं. त्यानं रजिस्टरच पुढं टाकलं. दर ऑपरेशनला एक रकाना — धुराची मशीन चालू होती? होय. खाली सही, विजयश्री. तीन वर्षं! म्हणला, सिस्टर, मशीन चालू होती तर धूर कुठला? तपासणीवाल्यांना दाखवायला सही करा म्हणून त्यानंच सांगितलं होतं, अण्णा. पर हात माझाच ना — कुणी धरून करवली न्हवती. मीच मला कोंडून घेतलंय. रडू येतं, पर मास्कात रडायचं तरी कसं?

म्हणून म्हणते, तो आकडा लिवा. मशीन आपली आपण मोजती ना, किती चालली ते? तीन वर्षांत चार तास वीस मिनिटं. तेवढं तुमच्या कागदावर लिवा, मला झेरॉक्स द्या, बास. तुमचं काय जायलाय त्यात? — काय? खाली वापरणाऱ्याची सही लागती? म्हंजे माझीच? वर चार तास आन् खाली मी — मग मॅनेजर हा कागद आन् ते रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवंल, आन् खोटी कोण ठरंल? नोकरी तर जाईलच, वर नर्सचं लायसन...

आले, सर, आले! — मोठे डॉक्टर बोलवायलेत, पेशंटला भूल दिलीय. थांबा, लिवू नका. न्हाई, आकडा नका लिवू म्हणायलेय ना! 'रोज वापरात, चांगली चालती' — असं लिवा. लिवलं? आणा पेन. हं, केली सही, घ्या. जावा आता, अण्णा, जावा — आन् दार ओढून घ्या जाताना.