दगडावरून उचललेली नावं

मी, वय एक्कावन्न, धंदा शिवणकाम, राहणार भावाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, आज शनिवारी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, मला कोणी चिथावलेले नाही. ज्याच्याविरुद्ध ही तक्रार आहे तो माझा पाठचा सख्खा भाऊ आहे. "घरातलं घरात मिटवा," असे साहेबांनी मला दोनदा सांगितले. मिटत असते तर मी इथे बाकावर बसून राहिले नसते.

सदर भावाचे लष्कराने मोडीत काढलेल्या मालाचे दुकान आहे. जॅकेट, बूट, पट्टे, हेल्मेट, पाठीवरच्या पिशव्या असा माल गठ्ठ्यांनी येतो. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. एक संग्रह करणारे. ते बटणसुद्धा भिंगातून बघतात. दुसरे एअरसॉफ्ट खेळणारे, म्हणजे प्लास्टिकच्या छऱ्यांच्या बंदुका घेऊन रविवारी बंद पडलेल्या कारखान्यात लढाई लढाई खेळणारी चांगली मोठी माणसे. माझे दोघांशीही काही वाकडे नाही. खेळणारे तर फाटलेले कपडे धुऊन मगच शिवायला आणतात. भावाला सगळे कॅप्टन म्हणतात. तो सैन्यात एक दिवसही नव्हता, हे साहेबांनी विचारले म्हणून सांगते.

गठ्ठा फुटला की पहिले काम माझे. जॅकेटच्या छातीवर सैनिकाच्या नावाची पट्टी असते. ती मी उसवून काढते आणि मगच जॅकेट दुकानात टांगले जाते. वडिलांनी दुकान काढले तेव्हापासून हा दंडक आहे. कापड विकायचे, माणूस विकायचा नाही, असे ते म्हणायचे. माझ्या हयातीत हे मोडेल असे मला वाटले नव्हते.

अलीकडे संग्रह करणारे नावासकटच जॅकेट मागू लागले. नाव खरे आहे का ते शोधून बघतात, आणि तो माणूस लढाईत गेलेला निघाला तर त्यांना आनंदच होतो. त्यांचे बघून काही खेळणारेही तशीच मागू लागले. मग कॅप्टनने काय करावे? बागेत लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. सकाळी फिरायला जातो म्हणून हा तिथे गेला आणि नावांचे फोटो काढून आला. बाहेरून त्या नावांच्या पट्ट्या भरतकाम करून आणल्या आणि मी जिथे उसवले तिथेच त्या शिवल्या. ही जॅकेट तो मागच्या कपाटात कुलपात ठेवायचा आणि फोनवरून विकायचा, म्हणून मागच्या रविवारपर्यंत मला पत्ता लागला नाही. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच. हे शब्द असेच लिहावेत.

मागच्या रविवारी एक बँकेतले कारकून खेळून परत येताना बेकरीच्या रांगेत उभे होते. अंगात असेच एक जॅकेट. मागे शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा लढाईत गेला आहे. त्याचे सामान घरी आले त्यात जॅकेट नव्हते. कारकून वळले तेव्हा त्यांच्या छातीवर बाईंना आपल्या मुलाचे नाव दिसले. त्यांनी त्या माणसाची बाही धरली ती सोडेनात. त्या भल्या माणसाने रांगेतच जॅकेट काढून बाईंच्या हातात दिले आणि त्यांना घेऊन दुकानात आला. मी यंत्रावर बसले होते. पुढचे ऐकीव नाही.

बाई म्हणाल्या, "हे माझ्या मुलाचं आहे का हो? नसेल तर नाही म्हणा. मी काही बोलणार नाही."

कॅप्टनने एकदा माझ्याकडे बघितले. मग म्हणाला, "हो आई, तुमच्याच मुलाचं. गठ्ठ्यात आलं तेव्हापासून जपून ठेवलं होतं."

जपून ठेवले होते तर विकले कसे, हे विचारायचे भान बाईंना नव्हते. ते जॅकेट मी ओळखले. खिशाचे ठिगळ माझ्या हातचे होते. त्याच्यावरचे मूळ नाव मीच उसवले होते आणि ते दुसऱ्याच कोणाचे होते. बाईंनी जॅकेट तोंडाशी धरले आणि तशाच उभ्या राहिल्या. मग कॅप्टनचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "देव तुझं भलं करो." त्याने मान खाली घातली, इतका साळसूद.

बाई गेल्यावर मी म्हटले, "तू आत्ता काय केलंस, कळतंय का?"

"काय केलं? बाई रडत आली, हसत गेली. तुझ्या पोटात का दुखतंय, ताई?"

"जा आणि खरं सांगून ये."

"तूच सांग. बघू तुझी जीभ वळते का."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात फोनवर टिपलेला बाईंचा जॅकेट धरलेला फोटो दुकानाच्या काचेवर लावला. खाली लिहिले, 'आईला मुलाची आठवण परत देणारे दुकान.' गर्दी वाढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काल मी बाईंच्या घरी गेले. जॅकेट जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीच्या पाठीला घातले होते. मी सगळे सांगितले, ठिगळही दाखवले. शेवटी बाई म्हणाल्या, "झालं सांगून?"

मी हो म्हटले.

"मग या आता. ते माझ्या मुलाचंच आहे."

दार त्यांनी आपटले नाही, हळूच लावले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. फसवणाऱ्याला आशीर्वाद आणि सांगणारीला बंद दार, हा कुठला न्याय? घरी आले तर भाऊ मला घरभेदी म्हणाला.

साहेबांचे म्हणणे की बाईंची तक्रार नाही, कारकुनाची नाही, मग नुकसान कोणाचे? आणि पुरावा म्हणून ते जॅकेट आणून द्या. मी ते आणणार नाही. साहेबांनीही ते त्या खुर्चीवरून उचलू नये, अशी माझी विनंती आहे. पुराव्याला दुसरे आहे. मागच्या कपाटात अजून चार जॅकेट आहेत, त्यांच्यावर त्याच दगडावरची चार नावे. चारही विकली गेली आहेत, हे काल भांडताना भावाच्याच तोंडून निघाले. उद्या रविवार. खेळणारे सकाळी ती घेतील, अंगात घालतील आणि संध्याकाळी बाजारातून घरी जातील. त्या चौघांच्या आया याच गावात आहेत. एक तर आमच्याच गल्लीत राहते, रोज बाजारात येते. कुलूप आजच फोडावे.

हे सर्व मला वाचून दाखवले. 'सख्खा भाऊ' खोडून नुसते 'दुकानदार' लिहू का, असे साहेबांनी विचारले. मी नको म्हटले. मी सांगितले तसेच उतरले आहे आणि खरे आहे.