जागा फक्त बाहेरच्यांसाठी

जत्रेच्या मैदानावर घरगाडी मुक्कामाला लावायची तर आधी खिडकीवर चिठ्ठी घ्यावी लागते. लेकीला खांद्यावर निजवून मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, आणि खिडकीतल्या बाई त्यांच्याच वयाच्या.

"रात्रीचे वीस डॉलर, वीज-पाण्यासकट. बरोबर ना, व्हेल्डा?"

"मार्लिस, तुला नाही गं देता येणार."

"का? गाडीत राहते म्हणून? इथे सगळेच गाडीत राहतात."

"तुझी नंबरप्लेट आपल्याच जिल्ह्याची. जागा बाहेरच्यांसाठी आहे. नियमच आहे तसा."

"चाळीस वर्षं जत्रा संपल्यावर या मैदानातला कचरा उचललाय मी."

"म्हणून तर म्हणते, तू इथलीच."

"माझ्या घराचा लिलाव झाला तेव्हा तूही आली होतीस ना? माझी कपाटं उघडून बघायला?"

"सगळं गावच आलं होतं. हे बघ, पलीकडच्या जिल्ह्यात जा. तिथे तू बाहेरची. लगेच घेतील."

"आणि तिथले बेघर?"

"ते इकडे येतात. कालच दोन आले."

"छान जमवलंय."

"चिडू नकोस गं. बरं, जॅमच्या स्पर्धेचा फॉर्म भरलास? शुक्रवारी मुदत संपतेय. तुझ्या चेरीच्या जॅमशिवाय आपली जत्रा कसली! आणि स्पर्धा फक्त इथल्यांसाठीच असते, हं."

"दे तो फॉर्म. पत्ता काय लिहू?"

व्हेल्डाबाईंनी मार्लिसबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"या, पुढे या. कुठून आलात?"