अर्थिंगला अभिषेक

अहो, त्या दुष्काळात आमच्या जुन्या घरातल्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या. एकदा आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, असा झटका बसला की मी त्याच दिवशी वायरमनला बोलावलं. त्यानं फ्रिजची वायर बदलली, मग परसात जाऊन म्हणाला, "ताई, अर्थिंगचा खड्डा लई कोरडा पडलाय. रोज तांब्याभर पाणी घाला. मातीत ओल न्हाई, तर करंट जमिनीत उतरणार कसा?"

आमचे मालक दूध सोसायटीतून आले, ते ऐकून हसलेच. "टँकर आठ दिवसांनी येतोय, अन् ही खड्ड्याला पाणी पाजणार!"

"हसा खुशाल. मी घालणारच."

माझं महादेवाचं व्रत चालू होतं. रोज पिंडीवर घातलेलं पाणी मी ताम्हनात धरायचे आणि तेच खड्ड्यात ओतायचे. आत्याबाई कडाडल्या, "देवाचं तीर्थ खड्ड्यात? कोपंल की तो!"

"आत्याबाई, झटका बसला तवा तुमी त्यालाच हाक मारली ना? मग आता त्याला तिथंच राखणीला बसवलाय."

दुसऱ्या दिवशी बघते, तर आत्याबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाइपाकडं निघालेल्या!

"आत्याबाई, हात लावू नका! ह्या देवाला नमस्कार लांबूनच!"