बर्फाला स्वेटर

—नाही नाही, हरवला नाही आजी, स्वेटर शाळेतच आहे, बसा तर खरं! खुर्ची बुटकी आहे, पहिलीच्या वर्गात अशाच असतात. द्वारका चौकातून रिक्षानं आलात ना, हात बघा कसे गारठलेत. सांगते सगळं. परवा मी पोरांना मैदानात नेलं. आमच्या मोठ्या बाईंना पसंत नाही ते, म्हणतात थंडीत पोरं बाहेर कशाला? आता थंडी काय वर्गात बसून शिकवू? तर घरून बर्फ आणला होता, त्याचे दोन सारखे तुकडे. एक ताटलीत ठेवला नि विचारलं, दुसऱ्याला स्वेटर घातला तर आधी कुठला वितळेल? आमचा संघर्ष ओरडला, स्वेटरवाला! त्याला उकडणार ना! झालं, सगळा वर्ग त्याच्या बाजूला. मग स्वेटर कोण देणार? जो तो आपला स्वेटर घट्ट धरून. आणि तुमची तेजस्विनी उठली — जूनपासून जिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची — तिनं पटापट बटणं काढली नि स्वेटर माझ्या हातात दिला. तुम्ही विणलेला, हो, तोच लाल.

खेळून आलो, बघतो तर ताटलीत नुसतं पाणी, आणि स्वेटरमधला बर्फ जवळजवळ तसाच! संघर्ष म्हणतो, बाई, तुम्ही बर्फ बदलला! खाली लोळलाच हो रागानं. आणि तेवढ्यात तेजस्विनी बोलली, चांगलं मोठ्यानं — "बाई, स्वेटर गरम नसतोच. आत जे असतं ना, तेच तो धरून ठेवतो." मला तर... जाऊ दे. स्वेटर उन्हात वाळवला, आणि मधल्या सुट्टीत बघते तर ही घसरगुंडीमागं, तिथं व्यालेल्या कुत्रीच्या चारही पिल्लांना त्यात गुंडाळून बसलेली. म्हणे, "यांचं गरम यांच्यापाशीच राहील." मीच ते बोचकं उचलून खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवलं, नि पोरांना बजावलं, कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, मोठ्या बाईंना कळलं तर पिल्लं बाहेर काढतील.

काय? घरी एक शब्द बोलली नाही? रात्री तुम्ही एवढं रागावलात तरी? रडली, पण सांगितलं नाही... अरे देवा. अहो, माझ्यासाठी गप्प बसली ती! आत्ता कुठं बोलायला लागलेली पोर, आणि मीच तिला... थांबा, आज तिला सांगते, आजीला सांगितलेलं चालतं.

बघायचीत पिल्लं? चला, हळू. तीनच दिसतील हं. चौथं? चौथं अशक्त होतं, ते माझ्या— कुठं नाही. बरं, माझ्या घरी आहे, माझ्या शालीत. घरमालकाला कुत्री चालत नाहीत, तेव्हा तुम्ही काही ऐकलं नाही. हसू नका ना आजी! अगं बाई, मोठ्या बाई इकडंच येताहेत. तुम्ही निघा आता, मागच्या फाटकानं. स्वेटर? थंडी सरली की देते. जा, जा लवकर—