तात्यांचा पहिला प्रवास

…आणि तुम्हाला सांगतो, ज्याला दुकानात पावशेर साखर मागताना घाम फुटतो, त्या माझ्यासारख्या माणसाला रेल्वेच्या भरल्या डब्यात गाडग्याशी बोलायला लावायचं? गाडग्यात माझे वडील. म्हणजे त्यांच्या अस्थी. कोल्हापूरहून जयसिंगपूरपर्यंत गाडी, तिथून टांग्यानं नरसोबाच्या वाडीला, संगमावर सोडायच्या, एवढंच काम. पण आक्का, माझी थोरली बहीण, गाडगं हातात देतानाच म्हणाली, "पूल आला, टेसन आलं, वळण आलं, की तात्यास्नी सांगायचं. मोठ्यानं. न्हाईतर मागं ऱ्हात्यात." झालं. सांगायला लागतं.

तात्या तीस वर्षं कापडाच्या दुकानात वार मोजत उभे. प्रवासाची मात्र भारी हौस… वाचायची. वाचनालयातनं प्रवासाची पुस्तकं आणायचे आणि मी सातवीतनं शाळा सोडल्यावर मलाच वाचायला बसवायचे. "प्रवास निवांत करावा बघ. प्रत्येक टेसनाचा चहा निराळा लागतो." स्वतः उचगावच्या पुढं गेले नाहीत. दिवाळीनंतर जाऊ म्हणायचे. कुठल्या दिवाळीनंतर?

गाडी सुटली. मी गाडग्यावर वाकून पुटपुटलो, "तात्या, गाडी सुटली." शेजारी एक पैलवान गडी.

"पावणं, कुनाशी बोलताय?"

"वडलांशी."

"कुठं हाईत?"

"मांडीवर."

तो उठून समोरच्या बाकावर गेला. डबाभर माणसं माझ्याकडं बघतायत, कानशिलं तापलेली… पण सांगायला लागतं. रुकडीचा पूल आला आणि माझा आवाजच फुटेना, पूल निम्मा सरला, तात्या इथंच राहतात की काय, तेवढ्यात तोच पैलवान समोरून गरजला, "ओ तात्या, पूल आला. खाली पंचगंगा हाय. चला." गाडगं कशाचं ते त्याला उमगलं होतं, त्यानंही गेल्या साली बापाला असंच नेलं होतं. मग काय, सगळा डबाच सांगायला लागला. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बनाबाई म्हणाल्या, "त्यास्नी ऊस दाव की रं डावीकडचा." हातकणंगल्याला पैलवानानं चहा घेतला, बशी गाडग्याजवळ धरली, "वास तर घिऊ दे म्हाताऱ्याला." असा प्रवास झाला तात्यांचा, खिडकीपाशी, निवांत… मेल्यावर.

संगमावर भटजी घाईत. "सोडा, आणि 'आता जा' म्हणून सांगा." सोडलं. पण ते दोन शब्द… सगळ्या वाटेनं बोललो आणि तिथं तोंड उघडेना. "अहो, सांगा लवकर, मागं पाच जण थांबलेत." मी नुसती मान हलवली.

परतीला हात मोकळे. पिशवीतलं प्रवासाचं पुस्तक उघडलं, ओळ लागेना. आणि रुकडीचा पूल आला तशी जीभ आपसूक वळली, "तात्या, पूल आला, चला." कोल्हापूर आलं, "उतरा, सांभाळून." गल्लीच्या तोंडाशी, "डावीकडं." आणि दारात आक्का उभी, तिच्या देखत म्हणालो, "तात्या, घर आलं."

आक्कानं माझे मोकळे हात बघितले.

"जा म्हणाला न्हाईस?"

"न्हाय."

"आनि येताना सांगत आलास?"

"व्हय."

आता ही तोंड सोडणार म्हणून मी मान खाली घातली. तर ती दारातनं बाजूला सरकली, दोन माणसं आत येतील एवढी. म्हणाली, "असू दे. पहिलाच प्रवास, दमलं असतील."